दोन वाजताचे काका

आधीच माफी मागते. मी काही लेखिका नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि परीक्षेच्या पेपराशिवाय मी सलग चार पानं कधी लिहिलेली नाहीत. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांच्या घरात मी अडीच वर्षं भाड्याने राहिले, एवढीच माझी ओळख. त्यांच्या गल्लीतली कितीतरी माणसं त्यांना माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखतात आणि त्यांच्याकडे माझ्यापेक्षा चांगल्या आठवणी असतील. मराठीच्या मॅडम 'लिही' म्हणाल्या तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं होतं.

तरी लिहिते आहे, कारण एक गोष्ट मनातून जात नाही. काका सध्या पुण्याला मुलीकडे आहेत. दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय दोन्ही लुळे पडले. डॉक्टर म्हणतात, पहिले काही महिने रोज व्यायाम करून घेतला तर हात बराचसा परत येईल, नाहीतर आखडून तसाच बसेल. व्यायाम करून घ्यायला ज्या मॅडम येतात त्यांना सकाळी नऊशिवाय वेळ नाही. आणि काका नऊ वाजता अंगाला हात लावू देत नाहीत. "ही माझी वेळ नाही," म्हणतात. पुरावा म्हणून ते माझं उदाहरण देतात. मी त्यांना एकदा एक वेळ सांगितली होती, ती खोटी होती.

ते कसं झालं हे सांगायचं तर आधी काका सांगावे लागतील.

मी नगरला आले तेव्हा आई सोबत होती. तिसगावच्या पुढे आमची वस्ती. आई-अण्णा दसऱ्यानंतर ऊस तोडायला जातात ते उन्हाळ्यातच परत येतात, म्हणून निघण्याआधी माझी सोय लावायला ती आली होती. सोबत बाजरीचं गाठोडं. काकांनी दार उघडलं. उंच, बारीक, पांढरा स्वच्छ सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात साखळीचं घड्याळ. खोली वर गच्चीवर होती. माझा कोर्स काय, गाव कोणतं, यातलं काही न विचारता ते म्हणाले, "या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. दोनदा वर जाऊन खाली ये."

मला वाटलं, खोली बघायला सांगतायत. मी वर गेले, खाली आले, परत वर गेले. खाली आल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिले. आईने गाठोडं खाली ठेवलं आणि पदर खोचला. मग काका एका जाड वहीत काहीतरी लिहून आईकडे वळले.

"बाई, हिला भूक किती वाजता लागते?"

"भूक?" आई म्हणाली. "भाकर झाली की लागती."

काका एवढे खूश झाले की त्यांनी तेही लिहून घेतलं. परत जाताना स्टँडवर आई मला म्हणाली, "मानूस जरा सटकेल हाय. पर चांगला हाय. ऱ्हा हितं."

निवृत्त होण्याआधी काका शहराच्या पाणीपुरवठ्यात होते. कुठल्या भागाचा व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा आणि किती वाजता बंद करायचा, हे त्यांच्याकडे. पस्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. नगरमध्ये पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा ज्याच्या त्याच्या वेळेला येतं. कुणाकडे पहाटे, कुणाकडे भर दुपारी. यातूनच त्यांचं ते मत तयार झालं असावं. ते म्हणायचे, "नळाला पाणी असतं तेव्हा हंडा लावायचा. कोरड्या नळाखाली हंडा धरून बसलीस तर कंबर मोडेल, हंडा भरणार नाही. अंगातल्या जोराचं असंच आहे. प्रत्येकाच्या लाइनीला वेगळ्या वेळी पाणी येतं. आणि हे लोक सगळे पहाटे पाचला हंडे घेऊन निघतात!"

हे लोक म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावर सकाळी फिरून आल्यावर चहा पिणारी मंडळी. सगळे निवृत्त. कानटोप्या, पांढरे बूट. काका त्यांना 'पाचवाले' म्हणत आणि ते काकांना 'दोनवाले'. कारण काका स्वतः दुपारी दोनला फिरायचे. बारा महिने. एप्रिलात डांबर मऊ होतं तेव्हासुद्धा. काळी छत्री उघडायची, आणि गिरणीपासून मारुतीच्या पारापर्यंत, पारापासून गिरणीपर्यंत, बरोबर तासभर. गल्लीबाहेर एक पाऊल नाही. आणि फिरताना कुणाशी एक शब्द नाही. गॅसवाला टेम्पो घेऊन आला आणि "काका, सिलेंडर कुठं ठेवू?" म्हणून मागे मागे चालत राहिला, तरी हे छत्री धरून पुढे. शेवटी मी गच्चीवरून ओरडले, "ओट्यावर ठेवा हो."

पाचवाले चिडवायचे. "काय दोनवाले, आज ढग आलेत. स्वेटर घालून निघा."

"तुम्ही उठता म्हणून सूर्य उगवत नाही, साहेब," काका म्हणायचे. "त्याला तुमची ड्युटी माहीत नाही."

"आम्ही व्यायाम करतो, तुम्ही तपश्चर्या करता."

"तुम्ही व्यायाम करत नाही. तुम्ही एकमेकांना दिसायला जाता. एक दिवस वेगवेगळ्या रस्त्यांनी जाऊन दाखवा, किती जण उठता ते बघू."

यावर पाचवाल्यांनी दुसरा चहा मागवला, असं मला टपरीवाल्याने सांगितलं.

त्यांच्या वहीत गल्लीतल्या बऱ्याच माणसांची वेळ होती. शिंप्याची सकाळी साडेदहा. पोथी वाचणाऱ्या गुरुजींची संध्याकाळी सात. प्रत्येकाला त्यांनी आठवडेच्या आठवडे आपल्या जिन्यावरून चढवलं-उतरवलं होतं, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, आणि दरवेळी नाडी मोजली होती. जिथे धाप कमी आणि नाडी लवकर खाली येते, ती त्याची वेळ. डॉक्टरी भाषेत याला काही अर्थ आहे का, मला माहीत नाही. पण काकांचं ऐकून शिंपी खरंच साडेदहाला दुकान अर्धा तास बंद ठेवून चालायला लागला आणि त्याचे गुडघे दुखायचे थांबले. त्याचं म्हणणं, चालल्यामुळे थांबले. काकांचं म्हणणं, साडेदहामुळे.

माझी रूममेट मनीषा पारनेरची. तिच्यावर काकांनी दोन महिने घालवले. शेवटी वही मिटून म्हणाले, "तुझी लाइन अजून टाकायची आहे."

"म्हणजे मी झोपू का, काका?"

"झोप."

मनीषा म्हणायची, आयुष्यात कुणी तिला इतकं अचूक ओळखलं नव्हतं.

माझी गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. मला पोलीस भरतीत जायचं होतं, अजूनही जायचं आहे. मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. पहिल्या वर्षी मी एका अकॅडमीत जायला लागले. सगळं पहाटे पाचला. दुसऱ्या राउंडला मी कडेला जाऊन उलटी करायचे. तिथले सर लांबून ओरडायचे, "ए तिसगाव, झोप झाली का?" सगळ्या मुली हसायच्या. मला नाव आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "आमी दोन वाजता उठून गाड्या भरतो, बाई. तुला पाचला जड जातंय व्हय?" ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. ज्यांचं अंग कुठल्याही वेळेला चालतं, त्यांच्या पोटी माझं हे असलं अंग कसं आलं, याची मला लाज वाटायची. एका सकाळी मी जिन्याखाली बसून रडत होते. काका दूध घ्यायला बाहेर आले.

"किती वाजता पळालीस?" त्यांनी विचारलं. काय झालं, का रडतेस, असं ते कधी विचारत नसत. वेळ विचारत.

"पाचला."

"मूर्ख," ते म्हणाले. मला वाटलं मला म्हणाले. पण ते अकॅडमीला म्हणाले होते.

मग माझा जिना सुरू झाला. कॉलेजला जाताना, कॉलेजमधून आल्यावर, चारला, सहाला, सातला. सहा आठवड्यांनी त्यांनी जाहीर केलं: संध्याकाळी पाच चाळीस. मी अकॅडमी सोडली आणि पाच चाळीसला जवळच्या मैदानावर जायला लागले. तिथे त्या वेळी मुलांचं क्रिकेट चालायचं. पहिल्या दिवशी शिट्ट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी काका छत्री घेऊन आले आणि पिचच्या लोखंडी रोलरवर बसले. नुसते घड्याळ हातात धरून बसले. तिसऱ्या दिवशी मुलांनी आपणहून एक कडा मोकळी सोडली. चौथ्या दिवशी त्यांच्यातला एक येऊन म्हणाला, "काका, आमचीबी नाडी बघा की."

मला उलटी झाली नाही. महिन्याभरात माझा वेळ इतका खाली आला की मी घड्याळावर विश्वास ठेवला नाही. काकांनी ठेवला.

काका दोनलाच का फिरतात, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आमच्याकडे थोरल्यांना असं विचारत नाहीत. ते मला गिरणीच्या काकूंनी सांगितलं, मी बाजरी दळायला गेले तेव्हा. पट्टा फिरत होता, त्या आवाजात त्या मोठ्याने बोलत होत्या, आणि इतकी खासगी गोष्ट इतक्या मोठ्याने ऐकताना मला कसंतरी झालं.

"त्यांच्या मंडळी सहा वर्षं अंथरुणाला होत्या गं. एकटं सोडायची सोय नव्हती. दुपारी दोन ते तीन तेवढा त्यांचा डोळा लागायचा. तेवढ्यात हे पाय मोकळे करायला बाहेर. तेही गल्लीतच. हाक आली तर ऐकू आली पाहिजे ना."

फिरताना ते बोलत का नाहीत, तेही मला तेव्हा कळलं. बाई जाऊन चार वर्षं झाली होती. काका अजून कान देऊनच चालत होते.

त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांची स्वतःची नाडी होती. दिवसातल्या सगळ्या वेळांची. दोनचा आकडा खरंच सगळ्यांत चांगला होता. मी त्यावर पुष्कळ विचार केला. दोन ही त्यांच्या अंगाची वेळ होती म्हणून ते दोनला निघायचे, की सहा वर्षं दोनला निघाले म्हणून अंगाने ती आपली मानली? काका म्हणायचे, वेळ ही अंगाची असते. मला वाटायला लागलं, निदान त्यांची वेळ तरी दुसऱ्या कुणाची तरी होती. पण हे त्यांना सांगण्याएवढी मी मोठी नाही.

दुसऱ्या वर्षी भरती निघाली. हॉल तिकीट आलं ते मी खाली वाचून दाखवायला गेले. ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, दुसऱ्या जिल्ह्यात होतं. हजर राहण्याची वेळ पहाटे पाच.

काकांनी हॉल तिकीट माझ्या हातातून घेतलं. इतके महिने आम्ही दोघांनी पाच चाळीसची तयारी केली होती, आणि ग्राउंड पहाटे असतं ही गोष्ट या गल्लीतल्या चहावाल्यालाही ठाऊक होती. मलाही ठाऊक होती. पण काकांना इतकी खात्री होती की मी ती मनाच्या मागे सारली होती. काकांनी तर विचारलीच नव्हती. पस्तीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या वेळा ठरवल्या, त्यांना कुणी आपल्याला वेळ देईल हे सुचलंच नसावं.

"चूक माझी," ते म्हणाले. मग उठून चष्मा लावला. "एखाद्या भागाच्या पाण्याची वेळ बदलायची असली तर एका दिवसात बदलत नाहीत. लोक हंडे घेऊन बसलेले असतात. थोडी थोडी सरकवतात. किती दिवस आहेत?"

"वीस."

"रोज चाळीस मिनिटं अलीकडे. अठरा दिवस. दोन दिवस विश्रांती."

मनीषा म्हणाली, "काका, सरळ पहाटे पाचला उठवा ना तिला उद्यापासून."

"तू झोप," काका म्हणाले.

असे आम्ही मागे मागे सरकत गेलो. पाच चाळीस, पाच, चार वीस. पाचव्या दिवशी वेळ आली दोन वीस. त्या दिवशी काकांनी आपलं फिरणं अर्धवट टाकलं आणि ते मैदानावर आले. त्यांनी दोनची वेळ मोडलेली मी पहिल्यांदाच बघितली. नवव्या दिवशी अकरा चाळीस. मी लेक्चर बुडवलं. इतकं ऊन होतं की रोलरला हात लावता येत नव्हता, काका उभे राहिले. माझा वेळ वाईट आला. "या मधल्या वेळा नुसत्या ओलांडायच्या," ते म्हणाले. "इथे थांबायचं नाहीये आपल्याला." वहीत त्यांनी त्या दिवसाचा आकडाही लिहिला नाही.

शेवटचे दोन दिवस काळोखातले होते. ज्या माणसाने जन्मभर पाचवाल्यांची चेष्टा केली तो पहाटेच मफलर गुंडाळून स्कूटरवर माझ्या मागे होता, रस्त्यावर दिव्याचा उजेड पाडत. कोपऱ्यावर पाचवाले भेटले. सगळे थांबले. मला वाटलं, आता काही तरी बोलतील. त्यांच्यातल्या एकाने कानटोपी काढली आणि म्हणाला, "या, साहेब." बस्स. काका स्कूटर न थांबवता म्हणाले, "कामावर आहे."

ग्राउंडच्या दिवशी मनीषा माझ्यासोबत आली. काकांना प्रवास झेपणार नव्हता. पावणेपाचला आम्ही गेटवर होतो. आत सोडलं, रांगेत बसवलं, कागदपत्रं बघितली, उंची मोजली, छातीवर नंबर लावला. मुली खूप होत्या. सहा वाजले. सात वाजले. आम्ही मातीत बसून होतो. माझी वेळ येऊन, माझ्यासमोरून निघून गेली. ज्या वेळेसाठी अठरा दिवस पळाले ती जाताना मी बसून होते, आणि मला फार भीती वाटली. आता माझ्या लाइनीला पाणी नाही, असंच मनात येत होतं. शेजारची मुलगी बीडकडची, तिने अर्धं केळं दिलं. म्हणाली, "खा गं. आपला नंबर बाराला पन येऊ शकतो."

पावणेबाराला माझा गट उभा केला. शिट्टी झाली.

मी त्या पळण्याबद्दल फार काही सांगू शकत नाही. ऊन होतं एवढं आठवतं. आणि पळताना एकदाही मला किती वाजले हे आठवलं नाही. मी माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला वेळ काढला. पाच चाळीसलाही तेवढा कधी आला नव्हता.

संध्याकाळी नगरला पोचलो तर काका दारात उभे. हातात वही. मी पास झाल्याचं मनीषाने फोनवर आधीच सांगितलं होतं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, तीन आठवड्यांच्या धावपळीचं. पेनचं टोपण काढलेलं होतं. मी म्हटलं, "सव्वासहा."

मनीषाने माझ्याकडे बघितलं. काकांनी लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि त्याच पावली टपरीवर गेले. पुढचे कित्येक दिवस गल्लीत जो भेटेल त्याला ते सांगत होते, की पोरीची वेळ संध्याकाळची होती, आपण ती पहाटेला नेऊन बसवली, आणि ती सव्वासहाला पळाली म्हणूनच पळाली. मला वाटलं, एवढ्याने कुणाचं काय बिघडतं.

लेखीत मी थोडक्यात राहिले. पुढच्या भरतीची तयारी करते आहे.

दिवाळीला मी वस्तीवर आजीजवळ असताना काकांना झटका आला. ताई, म्हणजे त्यांची मुलगी, येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेल्या. जानेवारीत ताईंचा फोन आला. मी त्यांच्याशी याआधी दोनदाच बोलले होते.

"तू ती भरतीवाली ना? बाबा रोज तुझं नाव घेतात. अगं, समजाव त्यांना. मॅडमना दुपारी हॉस्पिटल असतं, दोनला त्या येऊच शकत नाहीत. आणि हे म्हणतात, दोनला या नाहीतर येऊ नका. म्हणे ती पोरगी चुकीच्या वेळी पळाली असती तर पडली असती, मी वेळ बांधली म्हणून उभी राहिली." ताईंचा आवाज बारीक झाला. "परवा तर त्यांनी डाव्या हाताने मॅडमचा हात ढकलला. हात दिवसेंदिवस आखडतोय गं."

मी 'बघते' म्हणाले आणि फोन ठेवला. ज्या सव्वासहावर ते तिथे अडून होते ते मी दिलेलं होतं. पण त्यांना खरं सांगितलं तर त्यांच्याकडे जे एवढंसं उरलं आहे तेच काढून घेतल्यासारखं होणार होतं. आजारी माणसाला असं सांगावं का? मी आईला फोन लावला. ती कारखान्याच्या तळावर होती, मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. सगळं ऐकून ती म्हणाली, "आमाला टायम मुकादम सांगतो. अंगाला कुनी इचारत न्हाई. तरी ऊस तुटतो का न्हाई?" मग म्हणाली, "पर तुज्या त्या मानसानं तुज्या अंगाला इचारलं. लई मोठी गोष्ट हाय ती. त्याला खोट्यात नको ठिऊ."

इथवर लिहून मी आठ दिवस वही बंद ठेवली होती. पुढचं कालचं आहे.

काल सकाळी मी ताईंना फोन केला. मुद्दाम नऊच्या आधी. त्यांनी फोन स्पीकरवर टाकून काकांच्या उशाशी ठेवला. काकांचं बोलणं जड झालं आहे, मला ते नीट कळत नाही. मी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, पण कागद बघितलाच नाही.

"काका, मी सव्वासहाला पळाले नव्हते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पावणेबाराला पळाले. आम्हाला सकाळपासून बसवून ठेवलं होतं. माझी वेळ गेली होती, काका. संध्याकाळचीही नव्हती आणि पहाटेचीही नव्हती. तरी सगळ्यांत चांगली पळाले. मी तुम्हाला खोटं सांगितलं, कारण तुम्ही दारात उभे होता."

मला रडू येत होतं, पण बोलायचं राहिलं होतं.

"तो नववा दिवस, अकरा चाळीसचा, तुम्ही मोजला नव्हता. मला मात्र तो तिथे उपयोगी पडला. तुम्ही मला दिवसाच्या सगळ्या वेळांना पळवलंत म्हणून मी त्या वेळेलाही पळू शकले. वेळेमुळे नाही, काका. तुम्ही तिथे उभे होता, त्यामुळे."

मग काका काहीतरी बोलले. मला कळलं नाही. ताईंनाही पहिल्यांदा कळलं नसावं, त्यांनी वाकून परत विचारलं.

"विचारतायत," ताई म्हणाल्या, "उन्हात चक्कर नाही ना आली?"

अडीच वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता, ज्याचं उत्तर घड्याळात नव्हतं.

"नाही, काका," मी म्हटलं. "नाही आली."

तेवढ्यात तिकडे दाराची बेल वाजली. ताईंचा आवाज लांबून आला, "बाबा, मॅडम आल्यात. नऊ वाजले. काय सांगू त्यांना?"

मी फोन कानाला घट्ट धरला होता. कॉटची करकर ऐकू आली. मग काका बोलले, आणि या वेळी ताईंनी न सांगताही मला कळलं.

"येऊ दे."